'लाइन' ह्या एका शब्दाचे एवढे अर्थ कुठून आले? नातीला काय सांगू?

तारवाला_मानेवाडा, नागपूर

नमस्कार मंडळी. मी विजेच्या कामावर चौतीस वर्षं लाइनमन होतो, आता निवृत्त आहे. इंग्रजी माझं कामापुरतं. इथं भाषेचे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

गेल्या महिन्यात आमच्या सौभाग्यवतीला न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात होतो. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास सिस्टर आली, हिचा हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "काकाजी, लाइन गेली." मी पटकन वर पाहिलं. दिवा चालू, पंखा चालू. म्हटलं, "कुठं गेली? चालू तर आहे." तिनं हिचं मनगट दाखवलं. सलाईनची सुई जिथं होती तिथली कातडी फुगून टम्म झाली होती. सुई शिरेतून सरकली होती आणि औषध बाहेर मांसात चाललं होतं. तिनं ती काढली, दुसऱ्या हातावर शीर शोधली, चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "आता लाइन चांगली चालून राहिली."

"लाइन गेली" हे दोन शब्द ऐकून मी चौतीस वर्षं भरल्या ताटावरून उठलो आहे. रात्री दोन वाजता दार वाजलं की बाहेर उभा माणूस हेच म्हणायचा, "लाइन गेली जी." त्या रात्री तेच दोन शब्द माझ्या माणसाच्या हातावरच्या सुईबद्दल होते आणि मला कळले नाहीत. ते मनाला लागून राहिलं.

सकाळी सूनबाई डबा घेऊन आली, सोबत नात. सहावीत आहे. तिला हे सांगितलं तर तिनं दप्तरातून वही काढली आणि "आबा, लाइनचे अर्थ मोजू या" म्हणून बसली. हिच्या पलंगाजवळ बसून आम्ही दोघांनी आठ दिवस तेच केलं. वहीतली लाइन, तिच्या शाळेत प्रार्थनेला लागते ती लाइन, गॅस सिलिंडरसाठी तिच्या आजीनं उन्हात धरलेली लाइन. मेट्रोची ऑरेंज लाइन आणि अ‍ॅक्वा लाइन, दोन्ही सीताबर्डीला भेटतात. रेल्वे लाइन. सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन टाकळी, तिथं तर कुठलीच तार किंवा रूळ नावात बसत नाही. पाइपलाइन, हेडलाइन, ऑनलाइन. फोनवरची लाइन, जी पूर्वी 'क्रॉस' व्हायची आणि दुसऱ्याच कुणाचं भांडण ऐकू यायचं. क्रिकेटमधली लाइन आणि लेंग्थ. "तो आपल्या लाइनचा माणूस नाही," म्हणजे धंदा. "पोरगा लाइनीवर आला," म्हणजे सुधारला. माझी साखर डॉक्टर 'बॉर्डरलाइन' म्हणतात. नातीनं खालमानेनं "लाइन मारणे" पण लिहिलं, ते मी खोडू दिलं नाही. शब्द आहे तर आहे. आत्ता वहीत सव्वीस झाले.

हे सगळं मी गंमत म्हणून विचारत नाही, त्यालाही कारण आहे.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. वैशाखातलं वादळ होतं. हुडकेश्वरच्या बाजूला अकरा केव्हीच्या लाइनवर लिंबाची फांदी पडली होती. सबस्टेशनमधून लाइन बंद करून घेतली, परमिट (बंद लाइनवर काम करायची लेखी परवानगी) घेतलं, डिस्चार्ज रॉड टाकून तिन्ही तारा जमिनीशी बांधल्या आणि मी खांबावर चढलो. खाली गाडीपाशी फोन धरून एक नवा हेल्पर उभा होता. लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं पोरगं, गुणी, कामाला वाघ. त्या रात्री दहा ठिकाणी लाइन तुटली होती, सबस्टेशनमधला माणूस कावलेला. त्यानं फोनवर विचारलं, "लाइन क्लिअर आहे का?" त्याच्या मनात होतं, काम झालं का, माणसं उतरली का, लाइन सोडू का. पोराला वाटलं, लाइन क्लिअर म्हणजे परमिट, ते तर घेतलेलंच आहे, कारण आमचे जुने साहेब परमिटला 'लाइन क्लिअर' म्हणायचे. तो म्हणाला, "हो, क्लिअर आहे." तिकडून लाइन सोडली.

मी वर होतो.

रॉड टाकलेला होता म्हणून मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि सबस्टेशनचा ब्रेकर लगेच पडला. मला काही झालं नाही. खाली उतरलो तेव्हा ते पोरगं चिखलात बसून रडत होतं. परमिट हातात परत आल्याशिवाय लाइन सोडायचीच नसते, ती चूक त्याची नव्हती, मी त्याला तसंच सांगितलं. पण त्या दिवसापासून माझ्या गँगमध्ये 'क्लिअर' शब्द बंद केला. फोनवर एकच वाक्य बोलायचं: "चार माणसं चढली होती, चारही खाली उतरली, रॉड काढला, लाइन सोडा." माणसं मोजून सांगायची. निवृत्तीपर्यंत मी हे सोडलं नाही.

तर माझा प्रश्न असा. हे सव्वीस अर्थ एकाच शब्दाचे आहेत, की दिसायला सारखे असलेले वेगवेगळे शब्द आहेत? एकच असेल तर त्याचा पहिला अर्थ कोणता? नात रोज विचारते. तिला काहीतरी ठोकून द्यायचं नाही मला.

---

मायबोलीप्रेमी_धंतोली

काका, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. पण मला वाटतं मुलीला आधी आपले शब्द द्या. वहीतली ती ओळ. माणसांची ती रांग. पट्टीनं काढली तर रेघ, भूमितीत रेषा. विजेची ती तार. अंगणात कपडे वाळत घालायची ती दोरी. झाडं लावली तरी ओळ. घराण्याचा तो वंश. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द असताना आपणच सगळ्यांना एका 'लाइन'मध्ये कोंबलं. तुमच्या त्या रात्री कुणी "तार मोकळी आहे, माणसं खाली" म्हणालं असतं तर घोळ झाला नसता.

---

गार्डसाहेब_अजनी

तारवालेभाऊ, तुमच्या हेल्परचं मला पूर्ण पटलं, कारण मी रेल्वेत गार्ड होतो आणि 'लाइन क्लिअर' हा आमचा शब्द. मायबोलीप्रेमी म्हणतात ते खरं असलं तरी हा शब्द आम्ही बदलू शकत नव्हतो.

आमच्याकडे लाइन क्लिअर म्हणजे गाडी येऊ द्या. पुढच्या स्टेशनमास्तरनं मागच्याला दिलेली परवानगी असते ती: माझ्यापर्यंतचा तुकडा रिकामा आहे, पाठवा. एकेरी लाइनवर तर ह्याचा पुरावा हातात लागायचा. स्टेशनमास्तर यंत्राचा दांडा फिरवायचा, पुढच्या स्टेशनाशी घंटीचे ठोके व्हायचे आणि यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायचा आणि पोर्टर फलाटाच्या टोकाशी कडं उंच धरून उभा राहायचा. गाडी न थांबता जायची असली की ड्रायव्हरचा माणूस धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडं दंडात झेलायचा. गोळा हातात नाही तर गाडी पुढं न्यायची नाही, मग आत मंत्री बसलेला असो. एका तुकड्याचा एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, म्हणून समोरासमोर दोन गाड्या येतच नाहीत.

आता बघा. तुमच्या जुन्या साहेबांचं लाइन क्लिअर म्हणजे ह्या तारेत आता काही येणार नाही, माणसं चढा. आमचं लाइन क्लिअर म्हणजे ह्या रुळावर आता गाडी येणार, माणसं बाजूला व्हा. शब्द तोच, मोकळेपणाही तोच, पण एकीकडे तो मोकळेपणा माणसासाठी आणि दुसरीकडे गाडीसाठी. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोराच्या कानावर आमचाच अर्थ जन्मापासून पडलेला असणार. सबस्टेशनवालाही त्या क्षणी आमच्याच अर्थानं बोलत होता, सोडू का, असं. बिचारं पोर नेमकं तुमचा अर्थ शिकून आलं होतं.

नातीच्या वहीत आमच्या आणखी घालून द्या. अप लाइन, डाउन लाइन, मेन लाइन, लूप लाइन (फलाटाजवळ गाडी बाजूला घेतात ती). आणि इतवारीहून नागभीडला जायची ती 'छोटी लाइन', अडीच फुटांची नॅरोगेज. त्या गाडीला कुणी नॅरोगेज म्हणायचंच नाही, छोटी लाइन म्हणजे छोटी लाइन. नागपुरात रेल्वे आली १८६७ साली. आज इथं हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई ह्या दोन लाइनी एकमेकींना कापून जातात, तो डायमंड क्रॉसिंग नातीला एकदा दाखवा. चौकोन बघून ती नक्की म्हणेल, "आबा, वहीतल्यासारख्या रेघा."

---

मास्तरीणबाई_रामदासपेठ

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते फार सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. इंग्रजीत दोन्ही प्रकार आहेत. 'बॅट' घ्या. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ ह्या अर्थाची बॅट, ह्या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आले आणि उच्चारात एकसारखे झाले. आपल्याकडे 'वर' म्हणजे उंचावर आणि 'वर' म्हणजे नवरदेव, तसंच. पण 'लाइन' तसा नाही. तुमच्या नातीचे सव्वीसच्या सव्वीस अर्थ एकाच शब्दाचे आहेत, 'लाइन मारणे'सुद्धा. फक्त तो अर्थ आपण इथं भारतात घडवला, इंग्रजांना तो समजायचा नाही.

आणि पहिला अर्थ दोरी. जवसाची दोरी.

लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला 'लिनुम' म्हणत. जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्या धाग्याच्या दोरीला 'लिनेआ'. वनस्पतिशास्त्रात आजही जवसाचं नाव लिनम आहे. हा 'लिनेआ' इंग्रजीत दोन वाटांनी आला. फार जुन्या काळी दोर ह्या अर्थानं आला, आणि १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते झाले तेव्हा त्यांच्या तोंडून पुन्हा आला. दोन्ही मिळून आजचा लाइन. खलाशी अजून जहाजावरच्या कितीतरी दोरांना लाइन म्हणतात, मासे धरायचा गळ लाइनला बांधतात, आणि इंग्लंडात कपडे वाळत घालतात तेही लाइनवर. म्हणजे धंतोलीच्या दादांनी यादीत शेवटाकडे टाकलेली ती अंगणातली दोरी, तीच सगळ्यांत जुनी!

दोरीची रेघ कशी झाली ते तुम्ही बांधकामावर पाहिलं असेल. गवंडी दोन विटांना दोरी बांधून ताणतो आणि तिच्याखाली विटा लावतो. सुतार गेरूत बुडवलेली दोरी फळीवर ताणून मधे टिचकी मारतो, सरळ लाल रेघ उठते. ताणलेल्या दोरीइतकं सरळ माणसाजवळ दुसरं काही नव्हतं. म्हणून दोरीचं नाव रेघेला गेलं. रेघेवर अक्षरं आली, ती ओळ. ओळीत माणसं उभी राहिली, ती रांग (हे अमेरिकेतलं बोलणं, इंग्लंडात रांगेला क्यू म्हणतात, तो फ्रेंचमधला शेपूट ह्या अर्थाचा शब्द). फौजेचे तंबू आणि बराकी ओळीनं असत, त्यांना लाइन्स म्हणत. म्हणून छावणीपासून वेगळी, मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. टाकळीची पोलीस लाइन त्यातलीच. खांबाखांबांवरून तार ताणली, ती पुन्हा दोरीच झाली, धातूची. बापापासून मुलापर्यंत धागा चालला तर तोही लाइन.

ह्याच जवसाच्या घरातली आणखी माणसं सांगते. जवसाच्या धाग्याचं कापड ते लिनन. जवसाचं बी ते लिनसीड. जमिनीवर पसरायचं लिनोलियम, त्यात जवसाचं तेल असतं. इजिप्तमध्ये ममी गुंडाळल्या त्या लिननमध्येच.

एक शब्द मात्र वर्गात सांगताना माझा आवाज नेहमी जड व्हायचा. डेडलाइन. आज आपण तो बिल भरायच्या तारखेला वापरतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तुरुंग होता. उंच कुंपणाच्या आत काही फुटांवर बुटकी लाकडी दांडी लावली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. तिचं नाव डेडलाइन. वर्तमानपत्रांच्या कामात तो शब्द पुढं मुदतीसाठी आला. काका, तुमची वादळातली गोष्ट वाचताना मला तीच दांडी आठवली. तुम्ही नातीला 'क्लिअर'ची गोष्ट सांगितली आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर सांगा. ती सहावीत आहे, तिला कळेल.

आणि अर्थ मोजायचा नाद तिला लागलाच असेल तर पुढं 'सेट' द्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद त्या शब्दाची होती, चारशेच्या वर अर्थ.

---

धोटा_पाचपावली

बाईंनी जवसाचा धागा म्हटलं आणि मी मशीनवरून उठले. मी शिवणकाम करते, ब्लाउज आणि ड्रेस. आमच्या घरी सासऱ्यांपर्यंत हातमाग होता, आम्ही कोष्टी.

मी दिवसातून दहा वेळा 'लायनिंग' म्हणते. अस्तर लावायचं का, असं विचारलं तर आजकालच्या मुलींना कळत नाही, लायनिंग म्हटलं की कळतं. बाई, हा लायनिंगसुद्धा त्या लिननचाच ना? कपड्याच्या आतून लिनन लावायचे म्हणून? माझ्या मनात आलं ते लिहिते, चुकलं तर सांगा.

दुसरं असं की हे सगळं आपल्या 'सूत' शब्दातपण आहे. सासरे ताण्याला खळ लावताना म्हणायचे, "सूत भिजलं की मन लावा, नाहीतर तुटते." तेच सूत. दोन माणसांचं जुळलं तर सूत जुळलं. थोडक्यावरून फार पुढं गेला तर सुतावरून स्वर्ग गाठला. माझा भाऊ लोखंडाच्या दुकानात आहे, तिथं सळई तीन सूत, चार सूत अशी मागतात. इंचाचे आठ सूत. तिथं सूत म्हणजे माप झालं! गळ्यात आहे ते मंगळसूत्र. गणितातलं सूत्र. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन. नातीला म्हणा, इंग्रजांनी जवसाचा धागा ओढला, आपण कापसाचा. तिला ते लवकर समजेल.

---

मास्तरीणबाई_रामदासपेठ

धोटाताई, अगदी बरोबर. लायनिंग तिथूनच आलं. आणि तुमचं सुताचं उदाहरण माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं आहे, मी एकतीस वर्षांत वर्गात ते दिलं नाही ह्याचं आज वाईट वाटतं. त्यात एक भर घाला: सुतार. तो शब्द सूत्रधार ह्यापासून आला, म्हणजे दोरी धरणारा. गेरूची दोरी ताणून टिचकी मारणारा तोच.

---

तारवाला_मानेवाडा, नागपूर

सगळ्यांचे हात जोडून आभार. काल रात्री सगळं नातीला वाचून दाखवलं. हिनंपण ऐकलं, आता घरी आहे, ताप नाही. दोन्ही हातांवर निळे डाग आहेत तेवढे, सुयांचे.

'क्लिअर'ची गोष्ट मी घरात कधीच सांगितली नव्हती. काल सांगितली. हिला बावीस वर्षांनी कळलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग नातीला म्हणाली, "वहीत हे नको लिहू." नातीनं विचारलं, का? तर म्हणाली, "बरं, लिही."

गार्डसाहेब, तुमचं दोन लाइन क्लिअरचं वाचून पहिल्यांदाच त्या पोराच्या डोक्यात काय झालं असेल ते मला समजलं. तो आता स्वतः मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला तुमचं उत्तर पाठवलं.

धंतोलीच्या दादा, तुमचे सगळे शब्द तिनं समोरच्या पानावर उतरवून घेतले. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर ओळ, रांग, रेघ, रेषा, तार, दोरी. मधे तिनं स्वतः मोठं 'सूत' लिहिलं.

आता ती हट्ट धरून बसली आहे की जवसाचा धागा पाहायचा. घरात जवस आहे, चटणीचं, बरणीत. ते तिच्यासमोर ठेवलं तर म्हणते ह्यातून दोरी कशी निघेल? मलापण सांगता येत नाही. विदर्भात जवस खाल्ला, पण त्याचा धागा काढताना मी कुणाला पाहिलं नाही. कुणाला माहीत आहे का?

---

बांधीवाला_पवनी

काकाजी, मी पवनीकडचा, धान पेरतो. धान उभंच असते तेव्हा कापणीच्या आधी बांधीतल्या ओलीवर आम्ही जवस नाहीतर लाखोळी फेकतो. त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, धानाच्या खाली आपोआप उगवते. धान कापलं की मागं जवस राहते.

दोरी बियातून नाही निघत, खोडातून निघते. अंबाडीचा वाख पाहिला असेल ना तुम्ही? अंबाडी पाण्यात सडवतात, साल सुटते, झोडपून धुतली की वाख हाती येते. जवसाचं तसंच. पण आपल्याकडचं जवस बियासाठी लावतात, ते बुटकं असते आणि वरून फांद्या फुटते. धाग्याचं जवस वेगळं, उंच आणि सरळ, बिनफांदीचं, दाट पेरतात म्हणजे वर जाते. ते थंड मुलखातलं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयानं काढलेलं एनएल-९७ माझ्याकडं आहे, ते पण बियाचंच. तरीही खोडात धागा असतेच. माझी आजी मळणीनंतरचा जवसाचा काड हातानं पिळून भाजीच्या जुड्या बांधायची. तो ओला केला की जास्त घट्ट धरायचा.

आणखी एक. मास्तरीणबाईंनी बॅटीचं लिहिलं. नव्या बॅटीला पोरं तेल लावतात ना, ते जवसाचंच तेल.

---

तारवाला_मानेवाडा, नागपूर

भाऊ, तुमच्या आजीनं जुड्या बांधायची ती दोरी म्हणजे बाईंनी सांगितलेली पहिली लाइन! नातीला वाचून दाखवलं तर ती पलंगावरच उभी राहिली.

आम्हाला तुमच्या बांधीत येता येईल का? हिला थोडं चालता येऊ लागलं की तिघं येऊ. एसटीनं येतो, जेवणाचा त्रास देणार नाही. फक्त चार-सहा काड्या हव्यात आणि त्या कशा सडवायच्या ते पोरीला दाखवायचं.

---

बांधीवाला_पवनी

जेवणाचं काय बोलता जी, या. काड्या पाहिजे तर मळणीच्या वेळी या. पण एकदा त्याच्या आधी, पौषात या. जवस फुलावर असते तेव्हा धानाची कापलेली बांधी पूर्ण निळी दिसते. फक्त सकाळी दहाच्या आत पोहोचा. फुल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात, मग तुम्हाला नुसतं हिरवंच दिसेल. पहिल्या एसटीनं निघा.